मोटार बांधणीच्या खेळात बॉडी जुनी कधी दिसू लागते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ऑटोमेशन’ हा कॅमशाफ्ट सॉफ्टवेअरचा मोटारी घडवण्याचा खेळ आम्ही काही पुणेकर मित्र बरीच वर्षे खेळत आहोत. एकाने सालाची आणि बाजारपेठेची अट घालायची, बाकीच्यांनी त्या सालाला शोभेल अशी गाडी इंजिनापासून आरशांपर्यंत घडवून आणायची आणि मग सर्वांनी मिळून तिची चिकित्सा करायची, असा आमचा शिरस्ता आहे. इंजिनावर आणि सस्पेन्शनवर फारसे वाद होत नाहीत, कारण तिथे आकडे समोर असतात. वाद होतात ते बॉडीवर. १९६८ ची म्हणून आणलेली गाडी कोणाला १९५५ ची वाटते, तर कोणाला १९८० ची, आणि असे का वाटते हे मात्र चटकन सांगता येत नाही. नव्याने खेळू लागलेल्यांकडून या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. खेळातील गुणांकन आवृत्तीगणिक बदलत असते, म्हणून आकडेमोडीपेक्षा नजर तयार होण्यावर भर दिला आहे.

प्रश्न : बॉडी जुनी होते म्हणजे नेमके काय होते? पडद्यावरच्या पत्र्याला तर गंज चढत नाही.

पत्रा आहे तसाच राहतो. शेजारी उभ्या असलेल्या गाड्या बदलतात. १९७५ साली लक्ष्मी रस्त्यावर उभी असलेली अँबेसेडर कोणालाही जुनाट वाटत नसे. तिची बॉडी १९५० च्या दशकातील मॉरिस ऑक्सफर्डची होती हे खरे, पण तिच्या शेजारी उभी राहणारी पद्मिनी काय किंवा स्टँडर्ड काय, त्यांचीही मुळे जवळपास त्याच काळात होती. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली, १९८६ साली तिला आणखी नवी, सपाट पृष्ठांची बॉडी मिळाली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तीच अँबेसेडर, एकही पत्रा न बदलता, आजोबांच्या पिढीची दिसू लागली.

म्हणून बॉडी निवडताना दोन साले वेगवेगळी ठेवावीत. एक, ती बॉडी खेळात ज्या वर्षी खुली होते ते साल, आणि दुसरे, आपली गाडी ज्या बाजारात उभी राहणार आहे तिथे त्या क्षणी दिसणाऱ्या इतर गाड्यांचे सरासरी साल. पहिले साल यादीत लिहिलेले असते. दुसरे आपणच ओळखायचे असते, आणि नवा खेळाडू बहुधा तिथेच चुकतो.

प्रश्न : बॉडीचा कोणता भाग सर्वांत आधी जुना दिसतो?

आमच्या अनुभवात बारीक तपशील लवकर म्हातारे होतात आणि प्रमाणबद्धता उशिरा. मात्र प्रमाणबद्धता एकदा जुनी झाली की तिच्यावर उपाय राहत नाही. हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

तपशिलांत पहिला क्रमांक हेडलाइटचा. अमेरिकेत १९४० पासून सात इंची गोल, सीलबंद दिवा सक्तीचा होता, त्यामुळे पुढची सतरा-अठरा वर्षे तिथल्या प्रत्येक गाडीला दोन सारखेच डोळे होते. १९५८ पर्यंत चार दिव्यांची मांडणी सर्वत्र रूढ झाली आणि दोनच दिव्यांच्या गाड्या एका हंगामात गरीब दिसू लागल्या. युरोपात ही सक्ती नव्हती. १९६१ साली सिट्रोएन अमी ६ ही गाडी आयताकृती दिवे घेऊन आली, तर अमेरिकेत आयताकृती दिव्याला परवानगी मिळायला १९७० च्या दशकाचा मध्य उजाडला. तात्पर्य, दिव्याचा आकार साल सांगतो आणि देशही सांगतो. खेळात दिवे, ग्रिल, दरवाजांच्या मुठी हे सगळे सुटे भाग बॉडीवर हवे तिथे चिकटवता येतात, आणि ही मोकळीकच घात करते. १९५२ च्या गोलाकार बॉडीवर आयताकृती दिवे बसले की पाहणाऱ्याला नेमके काय खटकले ते कळत नाही, पण खटकते हे नक्की.

त्यानंतर काचा. अँबेसेडरच्या आणि पद्मिनीच्या पुढच्या दारातील ती त्रिकोणी, फिरवून उघडायची काच आठवून पाहावी. गाडीत वारा खेळवण्याचे ते साधन होते; पंखे आणि वातानुकूलन आले आणि ती काच गेली. तिच्याबरोबरच बाजूच्या सपाट काचाही गेल्या आणि बाहेर किंचित फुगलेल्या, वक्र काचा आल्या. छताच्या कडेला पावसाचे पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ ही तिसरी खूण. दरवाजे थेट छतात शिरू लागले तशी ती १९८० च्या दशकात नाहीशी होत गेली. पन्हळ असलेली बॉडी आपण १९९५ सालासाठी निवडली, तर तिच्यावर कितीही आधुनिक दिवे लावले तरी ती रेघ खरे साल सांगतेच.

प्रमाणबद्धतेत मुख्यतः चार गोष्टी पाहाव्यात : बॉनेटची उंची, काचेच्या आणि पत्र्याच्या उंचीचे परस्परांशी प्रमाण, पुढच्या काचेचा कल आणि चाके बॉडीच्या किती आत आहेत ते. यांपैकी कोणतीच गोष्ट ग्रिल बदलून झाकता येत नाही. खेळात पत्रा ओढून-ताणून बॉडीला थोडा आकार देता येतो, पण छत पेलणाऱ्या खांबांचा कल आणि काचेची जात त्या बॉडीच्या जन्माबरोबरच ठरलेली असते.

प्रश्न : चाकांचा आणि वयाचा संबंध समजला नाही. मोठी रिम लावली की गाडी नवी दिसत नाही का?

फक्त रिमने नाही. अँबेसेडरची रिम पंधरा इंची होती, म्हणजे आजच्या अनेक हॅचबॅकइतकीच. तरीही ती जुनी दिसते, कारण टायर अरुंद आहे, त्याची बाजूची भिंत उंच आहे आणि चाक मडगार्डच्या बरेच आत दडलेले आहे. टायरची भिंत उतरत गेली आणि चाके पत्र्याच्या कडेपर्यंत बाहेर आली तसतशा गाड्या नव्या दिसत गेल्या. १९६० च्या सालासाठी गाडी करताना चाक मुद्दाम आत ठेवावे. तेवढ्या एका बदलाने गाडी त्या काळात जाऊन बसते.

प्रश्न : कोणत्या काळात बॉडी किती वेगाने जुनी होते? सगळी दशके सारखी धरावीत का?

मुळीच धरू नयेत. खेळातील मोहीम, म्हणजे वर्षानुवर्षे कंपनी चालवण्याचा भाग, १९४६ ला सुरू होते आणि पहिली पंधरा वर्षे सर्वांत निर्दय असतात. युद्धापूर्वीच्या गाडीला मडगार्ड वेगळे, बॉनेट वेगळे, पाय ठेवायची पायरी वेगळी असे. १९४९ च्या फोर्डपर्यंत हे सारे एका सलग, सपाट कुशीत विरघळले. इटलीत पिनिनफरिना यांनी घडवलेली सिसितालिया २०२ ही छोटी गाडी १९४७ ची. तिचा आकार इतका एकजीव होता की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ च्या मोटारींच्या प्रदर्शनात ती मांडली. १९४६ साली उठून दिसणारी, सुट्या मडगार्डची बॉडी १९५१ साली केविलवाणी दिसते, ती या झपाट्यामुळे. सुरुवातीलाच कारखाना आणि साचे यांवर सारे भांडवल लावून दहा वर्षे तीच बॉडी चालवू पाहणारे खेळाडू इथेच अडचणीत येतात.

मग येतात पंख, आणि हे प्रकरण मला फार शिकवून गेले. १९४८ च्या कॅडिलॅकवर मागच्या मडगार्डला दोन छोटे उंचवटे आले. जनरल मोटर्सच्या हार्ले अर्ल यांच्या चमूला ते लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचले होते. दरवर्षी ते वाढत गेले, १९५९ च्या कॅडिलॅकवर त्यांनी कमाल उंची गाठली आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत ते जवळजवळ नाहीसे झाले. जो अलंकार वर्षागणिक मोठा होत जातो तो बंद पडतो तेव्हा एका झटक्यात बंद पडतो, आणि ज्याच्याकडे शिखरावरचा नमुना शिल्लक असतो त्याचे नुकसान सर्वांत मोठे होते. आता आपल्याकडची गोष्ट पाहा. फियाट ११०० च्या मागच्या मडगार्डला त्याच लाटेतले, पण अगदी बेताचे पंख होते. तीच गाडी पद्मिनी म्हणून इथे शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली आणि ते पंख कोणाच्या डोळ्यांत खुपले नाहीत. खेळात पंखांची हौस भागवायचीच असेल, तर पद्मिनीच्या मापात भागवावी.

१९६० चे दशक तुलनेने शांत आहे. त्यातली चांगली बॉडी दहा-बारा वर्षे आरामात चालते, कारण तिच्यात सरळ रेषा आहेत, काच भरपूर आहे आणि क्रोम मोजके आहे. १९७० च्या आरंभी पाचर बसवल्यासारखा टोकदार आकार आला आणि १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये जॉर्जेटो जुजारो यांनी तोच कडकपणा सामान्य माणसाच्या गाडीत उतरवला. १९७३ नंतर अमेरिकेत ताशी पाच मैलांची धडक सोसणारे बंपर सक्तीचे झाले, तेव्हा त्या बाजारपेठेसाठी गाडी करताना बंपर मुद्दाम बोजड आणि पुढे आलेला ठेवावा. पुढचा मोठा कडा १९८२ चा. ऑडी १०० आणि फोर्ड सिएरा एकाच वर्षी आल्या. ऑडीने काचा पत्र्याशी समतल केल्या आणि हवेच्या अवरोधाचा गुणांक ०.३० वर आणला. त्या वर्षीच्या कोपरेदार गाड्या लगेच विटल्या नाहीत, पण त्यांची उलटी मोजणी सुरू झाली.

१९९० नंतर खुणा अधिक सूक्ष्म होतात. पारदर्शक प्लास्टिकचे दिवे, रंगीत बंपर आणि मोठी चाके एवढे सांभाळले तरी बहुधा पुरते.

प्रश्न : फेसलिफ्ट किती वेळा करता येते?

फेसलिफ्ट म्हणजे चालू मॉडेलची वरवरची डागडुजी. आधी तिने काय बदलते ते पाहू. ऑटोमेशनमध्ये बॉडी, चेसिसचा प्रकार, पत्र्याचे साहित्य आणि सस्पेन्शनची रचना हे निर्णय मॉडेलचे असतात, तर दिवे, ग्रिल, आतील सजावट, चाके हे ट्रिमचे, म्हणजे त्या मॉडेलच्या एकेका उपप्रकाराचे. फेसलिफ्ट म्हणजे मुख्यतः ट्रिमच्या पातळीवरचे काम. वर सांगितलेल्या भाषेत बोलायचे तर तपशिलांचे वय फेसलिफ्टने कमी होते, प्रमाणबद्धतेचे होत नाही.

अँबेसेडर हे याचे सर्वांत लांबलेले उदाहरण आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ पासून २०१४ पर्यंत ती बनली. दरम्यान ग्रिल बदलली, इंडिकेटर बदलले, डॅशबोर्ड बदलला, इंजिनही बदलले. पण छताची कमान आणि दारांचे पत्रे शेवटपर्यंत मूळ ओळखीचे राहिले. बंद बाजारपेठेत हे चालले. स्पर्धा असलेल्या बाजारपेठेत माझा हिशेब असा आहे : पहिला फेसलिफ्ट चौथ्या वर्षाच्या आसपास, दुसरा फारतर सातव्या-आठव्या वर्षी, आणि तिसऱ्याचा मोह झाला तर त्याच खर्चात नव्या बॉडीचे काम सुरू करावे. १९४६ ते १९६० मध्ये हा काळ आणखी आखडता घ्यावा. दुसऱ्या फेसलिफ्टमध्ये अनेक जण नव्या बॉडीसाठी शोभणारे दिवे जुन्या बॉडीवर लावतात. त्याने जुने छत अधिकच जुने दिसते. जुन्या बॉडीला थोडे मागचेच, पण नीटस दिवे द्यावेत.

प्रश्न : खऱ्या कंपन्या बॉडी बदलायला इतका उशीर का लावतात?

साच्यांमुळे. एक दार दाबून काढायचे तर पोलादी साच्यांचा संच लागतो, त्यासाठी प्रेसची रांग लागते, आणि हा सारा खर्च लाखो गाड्यांवर वाटला गेला तरच परवडतो. इंडिकासाठी टाटांनी ऑस्ट्रेलियातील निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेऊन ती जहाजाने आणली आणि पुण्यात पुन्हा उभी केली, हे इथल्या कारखान्यांत काम केलेल्या जुन्या माणसांना चांगले आठवते. इतके सायास करून उभ्या केलेल्या रांगेतून निघणारी बॉडी चार वर्षांत मोडीत काढणे कोणालाही शक्य नसते. खेळात ‘बदल’ हे बटण दाबताना या वजनाची जाणीव ठेवली, तर निर्णय आपोआप शहाणे होतात.

प्रश्न : मग काळाच्या पुढची बॉडी निवडली तर ती जास्त टिकेल ना?

दिसायला टिकेल, विकली जाईलच असे नाही. क्रायस्लरने १९३४ साली एअरफ्लो नावाची वाऱ्याच्या प्रवाहाला अनुकूल, उतरत्या नाकाची गाडी आणली. अभियांत्रिकी उत्तम होती, पण ग्राहकाला ते नाक ओळखीचे वाटले नाही; पुढच्याच वर्षी कंपनीने तिला टोकदार, पारंपरिक वळणाची ग्रिल दिली आणि १९३७ नंतर ती बंद केली. रेमंड लोवी या विख्यात अभिकल्पकाचे सूत्र असे होते की वस्तू ग्राहकाला स्वीकारता येईल त्या मर्यादेत जितकी पुढची करता येईल तितकी करावी. आमच्या बैठकीत या सूत्राची आठवण वारंवार निघते.

जवळचे उदाहरण टाटा सिएराचे. १९९१ साली पुण्यात घडलेल्या या गाडीची मागच्या प्रवाशाशेजारची मोठी काच वळून छतात शिरत असे. रूप अजोड होते, मात्र मागच्या प्रवाशाला स्वतंत्र दार नव्हते आणि चार दारांची सवय झालेल्या कुटुंबांना ते रुचले नाही. तरीही २०२० च्या दिल्लीजवळच्या मोटार प्रदर्शनात टाटांनी सिएराच्या नावाने नवी संकल्पना मांडली, तेव्हा त्या काचेचीच आठवण त्यांना जागवावीशी वाटली. बॉडी जुनी झाली नव्हती; तिच्यासाठी बाजारपेठ पुरेशी नव्हती. खेळात अशी बॉडी आवडली तर खुशाल घ्यावी, पण ती कंपनीच्या मुख्य विक्रीच्या गाडीला न देता छोट्या संख्येच्या, महागड्या मॉडेलला द्यावी.

प्रश्न : भारतीय वळणाची कंपनी उभी करायची आहे. बॉडीचे साल कसे धरावे?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. १९८० च्या दशकाच्या मध्यावर आपल्या रस्त्यांवर ‘नव्या’ म्हणून आलेल्या तीन गाड्या घ्या. प्रीमियर ११८ एनई ची बॉडी फियाट १२४ च्या घराण्यातली, म्हणजे मुळात १९६६ ची. हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसाची बॉडी ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलची, १९७२ ची. स्टँडर्ड २००० ची रोव्हर एसडी१ ची, १९७६ ची. तिन्ही बॉडी त्यांच्या मायदेशी एक आयुष्य जगून इथे आल्या होत्या, आणि त्यांतली सर्वांत ताज्या बॉडीची, म्हणजे स्टँडर्ड २०००, बाजारात सर्वांत कमी टिकली. काँटेसाने मात्र दीर्घकाळ मान मिळवला, कारण लांब बॉनेट आणि रुंद बसकण यांना इथे प्रतिष्ठेचा अर्थ होता.

म्हणून १९५५ ते १९८३ या काळासाठी सालापेक्षा दहा ते वीस वर्षे जुनी बॉडी घ्यावी, तपशील मात्र त्या सालाचे द्यावेत. १९८३ नंतर हे अंतर झपाट्याने कमी करत न्यावे. १९९८ सालाच्या गाडीत अंतर जवळजवळ शून्य असावे, कारण तुरीनच्या आय.डी.ई.ए. या अभिकल्प संस्थेच्या साहाय्याने रेखाटलेली इंडिका त्याच वर्षी प्रदर्शनात आली आणि ती त्या वर्षाचीच दिसत होती.

प्रश्न : एकाच बॉडीच्या हॅचबॅक, सेदान, वॅगन या रूपांचे वय सारखे असते का?

नसते. सेदान सहसा आधी जुनी दिसते, विशेषतः डिकी नंतर जोडलेली असेल तर. इंडिकावरून २००२ साली इंडिगो आली तेव्हा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, वाढवला होता, त्यामुळे डिकी शोभली. पुढे चार मीटरच्या आतील छोट्या गाड्यांना कराची सवलत मिळाली आणि अनेक सेदानांच्या डिक्या आखूड झाल्या. हा आकार ज्या देशात नियम नाही तिथे कोणालाच कळणार नाही. २००८ नंतरची भारतीय सेदान करायची असेल तर ही आखूड डिकी ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. वॅगन मात्र सर्वांत सावकाश जुनी होते.

प्रश्न : जाड खांब आणि उंच बॉनेट केव्हापासून द्यावेत?

सुरक्षेच्या नियमांबरोबर. धडक देऊन गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपच्या चाचण्या १९९७ मध्ये सुरू झाल्या, त्यानंतर युरोपीय गाड्यांचे खांब जाड आणि खिडक्यांची खालची रेघ उंच होत गेली. भारतात नव्या मॉडेलना धडक चाचणीचे नियम ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाले आणि भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ मध्ये आले. कोथरूडच्या टेकडीवरील एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेमुळे पुण्यात या विषयाला जाणकार श्रोता नेहमीच मिळतो. पादचाऱ्याचे डोके इंजिनावर आदळू नये म्हणून बॉनेटखाली मोकळी जागा ठेवावी लागते. २०१० नंतरच्या गाडीला १९८५ चे बसके नाक दिल्यास ती कितीही देखणी असली तरी पटत नाही.

प्रश्न : नजर तयार करण्यासाठी काय करावे?

बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एक फेरी मारावी, नाहीतर नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांसमोर उभे राहावे. पद्मिनीच्या दिव्याची क्रोमची कडी, मारुतीची ग्रिल, इंडिकाचा मागचा दिवा हे भाग गाडीपासून वेगळे पाहिले की प्रत्येकाचे साल हाताला लागते. पेठांतल्या वाड्यांच्या बोळांत झाकून ठेवलेल्या गाड्या तर आणखी उपयोगी, कारण ताडपत्रीखाली तपशील दडलेले असतात आणि फक्त आकार दिसतो.

खेळातही हेच करता येते. बॉडी निवडल्यावर दिवे, ग्रिल, बंपर काहीही न बसवता उघडा पत्राच मित्राला दाखवावा आणि साल विचारावे. उत्तर आपल्या सालाच्या दहा वर्षांच्या आत आले तर पुढचे काम सुरू करावे. त्याहून दूर गेले तर सुटे भाग न शोधता यादीत परत जाऊन दुसरी बॉडी घ्यावी. गेल्या पावसाळ्यात मी १९६४ सालासाठी तीन बॉडी या चाचणीत बाद केल्या, आणि चौथीला दिवे बसवायला जेमतेम वीस मिनिटे लागली.